पंडिता रमाबाईंची साक्ष

रमाबाईंचें ‘अ टेस्टिमनी’ हें १९०७ सालीं प्रसिद्ध झालेलें इंग्रजी आत्मनिवेदन आपल्याकडे बहुधा धर्मांतराच्या वादापुरतेंच चाळलें गेलें. आमच्या मतें त्यांतील खरा ऐवज दुष्काळाच्या पानांत आहे. अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान्. परंतु पुराण सांगण्यापलीकडे कुटुंबास धंदा ठाऊक नाहीं आणि मजुरी करावी तर अब्रू आड येते. मद्रास इलाख्यांत १८७४ च्या सुमारास आईबाप व थोरली बहीण कांहीं महिन्यांच्या अंतरानें उपासमारीनें गेलीं. बाई तें जमाखर्च लिहावा तशा कोरड्या शब्दांत सांगतात, आणि तो कोरडेपणाच काळजाला झोंबतो. ख्रिस्तशरणतेच्या भागांत मात्र भाषा प्रवचनाच्या वळणावर जाते.

तथापि १८९७ सालीं मध्यप्रांतांतील शेंकडों दुष्काळपीडित मुली व विधवा यांना आश्रय देणाऱ्या बाईंना ती भूक स्वतःची ठाऊक होती. श्रद्धेंतून करुणा उपजली असें मिशनरी खुशाल म्हणोत. आम्हांस वाटतें, करुणा आधींचीच, श्रद्धेनें तिला केडगांवीं घर बांधून दिलें. त्या घरांत मुलींना अक्षरांबरोबर विणकाम, छपाई व शेतकामही शिकवीत. शास्त्रीबोवांच्या बिऱ्हाडांत नेमकें तेंच कोणास येत नव्हतें.