नोंद करणे म्हणजे वाचणे

अलीकडे अनेक महाविद्यालयांत जुनी पुस्तकं स्कॅन करण्याचं आणि त्यांच्या नोंदी करण्याचं काम विद्यार्थ्यांना दिलं जातं. कल्पना चांगली आहे. माझा आक्षेप आहे तो तिच्या हिशेबाला. अहवालात काय येतं? इतके विद्यार्थी, इतके तास, इतकी पानं. राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यात हे बसवलं की सगळे मोकळे. पुस्तकाचं काय झालं, हे कोणी विचारत नाही.

तर पुस्तकाचं काय होतं? शीर्षकपृष्ठावर ‘शके १८२०’ छापलेलं असतं. मुलगा प्रकाशनवर्षाच्या रकान्यात १८२० टाकतो. म्हणजे १८९८ सालचं पुस्तक पेशवाई बुडाल्यावर दोनच वर्षांनी निघालं! पुढे कोणी अभ्यासक साल घालून शोधेल, त्याला ते सापडणार नाही. कपाटात धूळ खात होतं, तेव्हा निदान ग्रंथपालाला ठाऊक तरी होतं. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने लाखो पुस्तकं स्कॅन केली, त्याबद्दल आपण ऋणी आहोत. पण तिथलं मराठी पुस्तक शोधून पाहा. शीर्षकं रोमन लिपीत, आणि स्पेलिंग ज्याला जसं सुचलं तसं.

नावांची तीच गत. राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज, बाळकराम हा एकच माणूस, हे स्कॅनरला कळत नाही. मराठीच्या विद्यार्थ्याला कळायला हवं, आणि म्हणूनच तर विद्यार्थी हवा ना!

आता माझ्या विषयातलं उदाहरण घेतो. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात भारतीय तत्त्वज्ञान १८१.४ खाली येते, हिंदू धर्म २९४.५ खाली आणि नीतिशास्त्र १७० खाली. मग १९१५ साली प्रसिद्ध झालेलं टिळकांचं ‘गीतारहस्य’ कुठे ठेवायचं? गीतेवरचं म्हणून धर्मात ठेवणं सोपं. पण ग्रंथाच्या नावातच ‘अथवा कर्मयोगशास्त्र’ आहे, आणि आत मिल, ग्रीन यांच्याशी वाद चालू आहे. कर्तव्य कशावरून ठरतं, हा त्यातला प्रश्न. तो नीतिशास्त्राचा नव्हे काय? मी स्वतः ते १७० मध्ये ठेवीन. तुम्ही भांडा माझ्याशी. पण क्रमांक देणारा हा निर्णय घेतोच, कळून घेवो की न कळून. दुसऱ्या ग्रंथालयाची नोंद उतरवून घेणारा मुलगा दुसऱ्याचं मत उतरवतो आणि आपण काही मत दिलं, हे त्याच्या गावीही नसतं.

कोणी म्हणेल, ‘सर, एवढं कोण वाचणार?’ अख्खा ग्रंथ वाचू नका. प्रस्तावना वाचा, अनुक्रमणिका पाहा, दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ शेजारी ठेवा. १८०० ते १९३७ एवढा काळ तिच्या पहिल्या खंडात आहे. शंका आली तर शिक्षकाला विचारा. मात्र शिक्षक त्या खोलीत हवा. बहुतेक ठिकाणी तो नसतो. मशीन चालवायला शिकवणारा तंत्रज्ञ असतो.

एका महाविद्यालयात मी सुचवलं होतं, की प्रत्येक मुलाला पाचशे पानं देऊ नका, दहा पुस्तकं द्या. प्रत्येक नोंदीखाली त्याचं नाव येऊ द्या आणि वर्ग का निवडला ते दोन ओळींत लिहू द्या. समितीला कल्पना आवडली. फक्त त्या दोन ओळींचे तास किती धरायचे, यावर बैठक अडली, ती अजून तिथेच आहे.