पॅसिफिकच्या नकाशावर एकच डोकं

‘वॉर इन द पॅसिफिक: ॲडमिरल्स एडिशन’ (२००९) हा संगणकावरचा युद्धखेळ उघडलात की आधी नकाशाच अंगावर येतो. एक षट्कोन म्हणजे ४० सागरी मैल, एक चाल म्हणजे एक दिवस. ७ डिसेंबर १९४१ पासूनची पूर्ण मोहीम घेतलीत आणि पुण्यातल्या मित्राशी ईमेलने दिवसाला एक चाल खेळलात, तर चार वर्षं जातात. (पोस्टडॉकचा करार संपतो, मोहीम संपत नाही.) म्हणून ग्वाडलकनालची छोटी मोहीम घ्या, आणि बाजू जपानची घ्या.

का, ते लगेच कळेल. तुमचा मोठा तळ रबाउलला. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेने घेतलेली धावपट्टी तिथून सुमारे ५६० सागरी मैलांवर, म्हणजे चौदाएक षट्कोन. झीरो विमानं एवढं उडत, पण तिथे लढायला मोजकीच मिनिटं उरत. नव्या मॉडेल ३२ झीरोला तर रबाउलहून तिथे जाऊन, लढून परतणं जमत नसे. दिवसा आकाश अमेरिकेचं, त्यामुळे तुमच्या विनाशिका रात्री धावतात, त्यात तांदूळ फार मावत नाही, आणि संथ मालवाहू जहाज पाठवलं तर सकाळी ते विमानांच्या तावडीत सापडतं. विमान, जहाज आणि तांदूळ यांची ही साखळी दहा पुस्तकं वाचून कळणार नाही इतकी दहा चालींत अंगात भिनते. इथे खेळाला पैकीच्या पैकी गुण.

मॉडेलं बनवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र यात काय धरलेलं नाही, ते आधी दिसतं. वैमानिकांचा थकवा धरलाय, इंधन धरलंय. खोटेपणा धरलेला नाही. खेळात जपानचं लष्कर आणि नौदल तुमच्या एकट्याच्या डोक्याने चालतं, आणि बुडालेली जहाजं तुम्हाला बहुतेक खरी कळतात. प्रत्यक्षात मिडवेला चार विमानवाहू नौका गेल्या, तरी जपानी जनतेला एक बुडाल्याचं आणि एकीचं नुकसान झाल्याचं सांगितलं गेलं.

त्याआधी, मे १९४२ मध्ये, ‘यामातो’ युद्धनौकेवर मिडवेचा युद्धखेळ झाला. फुचिदा मित्सुओ यांच्या आठवणींनुसार फाशांनी जपानी नौकांवर नऊ बॉम्ब पाडले. उगाकी यांनी नवाचे तीन केले. ‘अकागी’ वाचली, ‘कागा’ बुडाली, आणि पुढच्या डावात तीही तरंगू लागली. जूनमध्ये दोन्ही खरोखर गेल्या. आपल्या संगणकाला असं दटावता येत नाही, ही त्याची सचोटी. पण ज्या सवयीने ते आरमार बुडालं, ती सवय त्यामुळे पडद्यावर येतच नाही.

तिची किंमत ग्वाडलकनालवर दिसते. तिथल्या जपानी मृतांपैकी बहुतेक भुकेने आणि रोगाने गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये साधारण १०,६०० जणांना परत नेलं. जहाजं कुणाला किती, यावरून टोकियोत आदल्या डिसेंबरात वाद पेटले होते. खेळात हे सगळं म्हणजे तळाशेजारी शून्यावर आलेला रसदेचा आकडा.

खेळणार असाल तर जपानची बाजू दोघांत वाटून घ्या: एकाकडे लष्कर, दुसऱ्याकडे नौदल. आणि आपापले तोट्याचे आकडे एकमेकांना दाखवू नका.