झिजलेल्या टंकाची नक्कल

टाइपरायटर कचेरीतून हद्दपार झाला, पण त्याचं अक्षर मागे राहिलं. रहस्यकथेचं मुखपृष्ठ, कॅफेचं मेनूकार्ड, माहितीपटाचं पोस्टर, सगळीकडे शाई फुटलेले, कडा खाल्लेले फॉन्ट दिसतात. ‘जुनं’ किंवा ‘गोपनीय’ एवढं सुचवायचं असलं की डिझायनरचा हात आपसूक तिकडे जातो.

रोमन लिपीत हे काम गांभीर्यानं झालं आहे. डच अक्षरकार एरिक व्हान ब्लोकलंड यांचा ट्रिक्सी हा फॉन्ट १९९१चा. ‘द एक्स-फाइल्स’च्या नाममुद्रेनं तो घरोघरी पोचवला. २००८च्या आवृत्तीत एकाच अक्षराची अनेक रूपं आलटूनपालटून येतात. कारण खऱ्या यंत्रात घाण साचलेला टंक दर वेळी तोच दोष दाखवतो, पण रिबनची शाई आणि बोटाचा जोर बदलत राहतो. फुकट मिळणाऱ्या स्पेशल एलिट या फॉन्टमध्ये मात्र डागही गोठलेले असतात. एका शब्दात तेच अक्षर दोनदा आलं की सोंग उघडं पडतं.

देवनागरीत बहुतेकदा एवढीही मेहनत दिसत नाही. छापील वळणाच्या फॉन्टवर ओरखडे मारायचे, झाला टाइपरायटर! खरी झीज कशी असते ते ‘लखनऊ’ या शब्दातच पाहा. देवनागरी टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळफलकात ‘ख’ची एक कळ नसते, आधी अर्धा ‘ख’, मग काना. यंत्र ढिलं असेल तर नेमकी तिथे शिरोरेषा तुटते आणि काना खालीवर होतो. भ, ध, थ, श यांचंही तसंच. आपली झीज सांध्यांत आहे, आणि हे फॉन्ट तिथेच साफ जोडलेले असतात. गंमत म्हणजे कृतिदेव हा कचेऱ्यांतला गुळगुळीत फॉन्ट आजही त्याच दोन कळांनी ‘ख’ काढायला लावतो. यंत्राची चाल त्यानं जपली, चेहरा नाही.

या अक्षरामागे माणसंही आहेत. सप्टेंबर २०१५मध्ये लखनऊच्या जीपीओबाहेर बसणाऱ्या एका वृद्ध टंकलेखकाचं यंत्र पोलीस उपनिरीक्षकानं लाथेनं फोडलं. छायाचित्रं देशभर पसरली, उपनिरीक्षक निलंबित झाला आणि प्रशासनानं टंकलेखकाला नवं यंत्र घरपोच दिलं. अर्ज लिहून पोट भरणाऱ्याच्या लेखी फुटकं अक्षर ही शोभा नव्हे. ती दुरुस्तीची वेळ.

म्हणून डिझायनरांना एवढंच सांगणं: ओरखड्यांचा तयार थर बाजूला ठेवा. चालू स्थितीतलं एखादं हिंदी किंवा मराठी यंत्र गाठा. प्रत्येक कळ हलक्या आणि भारी हातानं, नव्या आणि जुन्या रिबनवर उमटवून घ्या. अर्धी अक्षरं आणि काने वेगळे ठेवा. असा फॉन्ट करायला वेळ लागेल, पण तोच देवनागरीचा म्हणता येईल.