हिरण्यकाचे बीळ

पंचतंत्रातल्या ‘मित्रसंप्राप्ती’ या दुसऱ्या तंत्राची आपल्याकडे ‘एकीचे बळ’ एवढ्या तात्पर्यावर बोळवण होते. कबुतरे जाळ्यासकट उडाली, उंदराने जाळे कुरतडले, गोष्ट संपली. मूळ रचनेत मात्र कबुतरे निघून गेल्यावरच खरी गोष्ट सुरू होते आणि तिच्या केंद्रस्थानी हिरण्यक हा उंदीर आहे.

त्याच्या बिळाला शंभर तोंडे आहेत. लघुपतनक कावळा मैत्री मागायला येतो तेव्हा तो साफ नकार देतो. खाणारा आणि खाद्य यांची मैत्री कसली? पुष्कळ वादानंतर तो तयार होतो, तोही प्रचलित पाठानुसार एका अटीवर: कावळ्याने बिळात पाऊल टाकायचे नाही.

या सावधपणाचे कारण आपल्याला उशिरा कळते. कावळा त्याला मंथरक कासवाच्या तळ्यावर नेतो, तिथे हिरण्यक आपली हकिकत सांगतो. संन्याशाच्या मठात तो धनाच्या साठ्यावर राहत होता. बीळ खणून तो साठा नेल्यावर त्याची उडी खुंटली आणि अनुयायी पांगले. एजर्टन यांनी १९२४ मध्ये सिद्ध केलेल्या प्राचीन पाठातही ही कथा आहे. तेव्हा तिला मागाहून लावलेले ठिगळ म्हणता येणार नाही. बालआवृत्त्या नेमकी तीच गाळतात. मग उंदराचा संशय हा निव्वळ स्वभावदोष वाटू लागतो.

‘मैत्रीमुळे उंदराची भीती गेली’ हे वाचनही मला मान्य नाही. शेवटचा प्रसंग पाहा. चित्रांग हरिण फासात सापडते, हिरण्यक फास तोडतो. मायेपोटी मंथरकही रखडत तिथे पोहोचतो. पारधी येताच हरिण पळते, कावळा उडतो, उंदीर बिळात शिरतो. कासव तेवढे पकडले जाते. मग हरिण तळ्याकाठी मेल्याचे सोंग घेते, कावळा त्याचे डोळे टोचल्यासारखे करतो, पारधी कासव खाली ठेवून तिकडे धावतो आणि हिरण्यक दोरी कुरतडतो. बिळात शिरलेला उंदीर आणि दोरी कुरतडणारा उंदीर एकच आहे. ग्रंथकार त्याच्या पळण्याला नावे ठेवत नाही. तोही पकडला गेला असता, तर दोरी तोडायला उरले कोण असते?

आठव्या शतकात इब्न अल्‌-मुकफ्फा याने पहलवीवरून ‘कलीला व दिम्ना’ अरबीत आणले. त्यात हे तंत्र कंठवाल्या कबुतराच्या नावाने ओळखले जाते. त्याच प्रकरणातल्या शब्दांवरून बसऱ्याच्या ‘इख्वान अस्‌-सफा’ या विद्वन्मंडळाने आपले नाव घेतले, असे गोल्डझिहर यांचे मत होते. म्हणजे विचारी वाचकांनी ही कथा मैत्रीचे शास्त्र म्हणून वाचली होती. त्या शास्त्रात विश्वास पारखून द्यायचा असतो आणि दिल्यावर निभवायचा असतो. बीळ सोडण्याची अट त्यात कुठेच नाही. मुलांना ही गोष्ट सांगताना हिरण्यकाचा नकार आणि त्याचा लुटला गेलेला साठा, दोन्ही सांगितले पाहिजेत.