व्हिंपरच्या पुस्तकातले गाइड

आज आपण ज्या पुस्तकाविषयी बोलणार आहोत ते दीडशे वर्षांहून जुनं आहे. एडवर्ड व्हिंपर याचं 'स्क्रॅम्बल्स अमंग्स्ट द आल्प्स'. 1871 साली प्रसिद्ध झालं, आणि आजही डोंगरवेडी माणसं ते शोधून वाचतात. या पुस्तकाची थोरवी आम्हाला मान्य आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमची तक्रार आहे ती एका ठिकाणी, आणि ती जागा पुस्तकाच्या अगदी काळजात आहे. पुस्तकातल्या गाइडना न्याय मिळाला का, एवढाच आजचा प्रश्न.

प्रथम 'गाइड' या शब्दाविषयी. आपल्याकडे सह्याद्रीत अनोळखी वाटेनं जायचं तर गावातला वाटाड्या घेतात. आल्प्समधला गाइड नुसता वाटाड्या नव्हे. तो बर्फात कुऱ्हाडीनं पायऱ्या खोदतो, दोरानं माणसं एकमेकांना बांधतो, पुढे कोण चालेल आणि मागे कोण राहील हे बघतो, आणि पाहुण्याचा पाय घसरला तर त्याचं वजन पेलतो. शामोनीच्या गाइडांची संघटना 1821 साली स्थापन झाली. म्हणजे व्हिंपरच्या काळी हा चांगला जम बसलेला व्यवसाय होता. गाइडजवळ एक वही असे. चढाई संपली की पाहुणा तिच्यात शेरा लिही, आणि पुढचा पाहुणा तो शेरा वाचून गाइड ठरवी. ही वही लक्षात ठेवा. गाइडची अब्रू आणि पोट, दोन्ही पाहुण्याच्या लेखणीवर अवलंबून होतं.

आता हकिगत. व्हिंपर हा लंडनचा, लाकडावर चित्रं कोरणारा कारागीर. 1860 साली एका प्रकाशकासाठी डोंगरांची चित्रं काढायला म्हणून तो आल्प्समध्ये आला आणि मॅटरहॉर्ननं त्याला झपाटलं. उंची 4478 मीटर. अनेक प्रयत्न फसले. शेवटी 14 जुलै 1865 रोजी सात जणांनी स्वित्झर्लंडच्या बाजूनं शिखर गाठलं. स्वतः व्हिंपर, पाद्री चार्ल्स हडसन, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, एकोणीस वर्षांचा डग्लस हॅडो, शामोनीकडचा गाइड मिशेल क्रोझ, आणि झेरमाटचे टाउगवाल्डर बापलेक, दोघांचंही नाव पीटर. उतरताना हॅडो घसरला, क्रोझवर आदळला, त्यांच्या वजनानं हडसन आणि डग्लस ओढले गेले. डग्लस आणि थोरला टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघे गेले, तिघे उरले.

या प्रसंगाचं वर्णन व्हिंपरनं फार संयमानं केलंय. त्यातला एक तपशील असा : घसरण्याच्या क्षणाआधी क्रोझनं आपली कुऱ्हाड बाजूला ठेवली होती, आणि तो हॅडोचे पाय हातानं धरून एकेक करून खाचेत ठेवत होता. बघा, गाइडचं सगळं काम या एका चित्रात आलं. दुसऱ्याचा पाय नीट बसावा म्हणून त्यानं स्वतःचा आधार सोडला. हे व्हिंपरनं पाहिलं त्याप्रमाणे लिहिलं, याबद्दल त्याला पूर्ण श्रेय दिलं पाहिजे. क्रोझविषयी त्यानं जागोजागी मनापासून लिहिलंय. शिखरावर क्रोझनं अंगातला सदरा काढून तंबूच्या काठीला निशाण म्हणून बांधला, हेही आपल्याला त्याच्यामुळेच कळतं.

पण क्रोझ मेला होता. जो जिवंत राहिला त्याचं काय?

थोरल्या टाउगवाल्डरवर गावात आळ आला की त्यानं दोर कापला. व्हिंपर हा आळ स्पष्ट शब्दांत खोडून काढतो. इथपर्यंत ठीक. पण लगेच तो दुसरी शंका सोडून देतो. दोर तीन प्रकारचे होते. त्यातला सर्वांत कमजोर दोर टाउगवाल्डरनं स्वतःच्या आणि पुढच्या माणसाच्या मध्ये बांधला, आणि हे दिसायला बरं दिसत नाही, असा त्याचा रोख आहे. म्हणजे एका हातानं निर्दोष ठरवायचं आणि दुसऱ्या हातानं संशय पेरायचा!

आता त्याच पुस्तकातली बाकीची माहिती एका रांगेत मांडू. एक, तो कमजोर दोर ज्या जातीचा होता ती जात व्हिंपर स्वतः पूर्वी वापरत असे. दोन, सगळे दोरानं बांधले जात होते तेव्हा व्हिंपर शिखराचं रेखाटन करत होता. मग बाटलीत नावं ठेवायची राहिली म्हणून तो ती लिहीत बसला आणि बाकीचे पुढे निघाले. तीन, अवघड जागी खडकाला जादा दोर बांधून ठेवावा असं त्यानं हडसनला सुचवलं होतं, पण ते पक्कं ठरलं नाही आणि झालंही नाही. चार, हॅडो हा नवखा होता. हडसननं त्याची हमी दिली आणि व्हिंपरनं ती मानली. या चारांपैकी एकही गोष्ट व्हिंपर लपवत नाही. प्रामाणिक माणूस आहे. पण या गोष्टी पुस्तकात विखुरलेल्या राहतात, आणि टाउगवाल्डरचा दोर तेवढा वाचकाच्या मनात पक्का गाठ मारून बसतो. आमचा आक्षेप आहे तो या मांडणीला.

आणखी एक जागा. अपघातानंतर खाली येताना टाउगवाल्डर बापलेक पैशाविषयी बोलतात असं व्हिंपर लिहितो. आमचा मालक मेला, आता मजुरी कोण देणार, आणि आम्हाला पैसे मिळाले नाहीत असं छापा म्हणजे पुढच्या हंगामात गिऱ्हाईक येईल, अशा अर्थाचं ते बोलणं. वाचणारा हळहळतो : काय ही माणसं! पण वही आठवा. ज्याचा उदरनिर्वाह पाहुण्याच्या चार ओळींवर चालतो, त्याला भीतीच्या त्या घटकेला पोटाचा विचार सुचला तर त्यात नवल काय? आणि ते बोलणं खरंच तसं झालं का, हे सांगायला दुसरं कुणी लेखणी धरून बसलेलं नव्हतं.

कुणी म्हणेल, चौकशी झाली होती की! झाली. झेरमाटमध्ये जुलै 1865 मध्येच झाली, आणि टाउगवाल्डर निर्दोष ठरला. व्हिंपर सांगतो की टाउगवाल्डरला आपली बाजू मांडता यावी म्हणून आपण काही प्रश्न लिहून दिले, पण त्यांची उत्तरं आपल्यापर्यंत कधी पोचलीच नाहीत. चौकशीचे कागद पुढे कित्येक दशकं छापले गेले नाहीत. परिणाम काय झाला? प्रश्न जगभर गेले आणि उत्तरं दप्तरात राहिली. थोरला टाउगवाल्डर 1888 साली वारला, तोवर संशयानं त्याचा पाठलाग सोडला नाही.

यावर एक रास्त उत्तर आहे, तेही ऐकून घेऊ. व्हिंपर तेव्हा पंचविशीतला तरुण होता, चार सोबती डोळ्यांसमोर गेलेले, वर्तमानपत्रांतून टीका चाललेली. अशा माणसाकडून न्यायाधीशाची समबुद्धी मागायची का? त्या दिवसांत लिहिलेल्या पत्राकडून नाही मागणार. पण पुस्तक आलं सहा वर्षांनी. अपघातानंतर आकाशात दिसलेली प्रकाशाची कमान आणि क्रूस त्यानं किती निगुतीनं कोरलेत ते पाहा. ज्या हाताला इतकी बारकाई जमते, त्याला टाउगवाल्डरविषयी आणखी दोन वाक्यं लिहिता आली असती, असं आम्हाला वाटतं.

म्हणून हे पुस्तक टाकून द्या असं आम्ही मुळीच म्हणत नाही. वाचा, जरूर वाचा. फक्त शेवटची प्रकरणं वाचताना शेजारी एक कागद ठेवा. प्रत्येक निर्णय कुणी घेतला, दोर कुणी बांधला, तेव्हा कोण कुठे होतं आणि हे आपल्याला कोण सांगतंय, एवढं त्यावर टिपत जा. आज हिमालयातल्या मोहिमांची पुस्तकं वाचतानाही हीच टिपणं काढता येतील. तिथेही दोर बांधणारे बरेचदा एक असतात आणि पुस्तक लिहिणारे दुसरे.

आता प्रश्न विचारावेत.