उदाचा पुरावा

दिवाळीच्या पहाटे घरात दोन वास एकमेकांत मिसळतात. न्हाणीघरातून उटण्याचा आणि देवघरातून धुपाचा. आमच्या विंझरला, राजगड-तोरण्याच्या मुलखात, दिवाळी नसली तरी तिन्हीसांजेला निखाऱ्यावर उदाची चिमूट पडतेच. बाळंतिणीच्या खोलीत धुरी, देवापुढे ऊद, पिराच्या जागी लोबान. हा धूर कशासाठी, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. यंदा एका ग्रंथाने तो मला विचारायला लावला.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांचा हिंदुस्थानातील बेने इस्रायलांचा इतिहास हा तो ग्रंथ. लिहून झाला 1897 साली. छापून निघाला 1937 साली, तोही तेल अवीवला, ग्रंथकार हयात नसताना. भाषा इंग्रजी, पण ग्रंथकाराचे आडनाव अलिबागेजवळच्या किहीमचे. बेने इस्रायल म्हणजे आपले कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले. त्यांची परंपरा सांगते की, पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याशी फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. केहीमकर ही घटना इ. स. पूर्वी दुसऱ्या शतकात घालतात.

आता हे सिद्ध कसे करायचे? तेव्हा केहीमकर घरातल्या चालीरीतींना साक्षीला बोलावतात, आणि त्यांतली एक मोठी साक्ष उदाची आहे. तिश्री महिन्याच्या चौथ्या दिवशी बेने इस्रायल 'खिरीचा सण' करीत. नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर करायची, तिच्यापाशी ऊद जाळायचा, 'शेमा' म्हणजे ईश्वर एकच आहे ही प्रार्थना म्हणायची, आणि मग खीर खायची. नवस फेडताना गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा एलिया नबीचे नाव घेऊन वाटायचा. इ. स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले, तेव्हापासून इतर यहुद्यांनी धूप अर्पिणे सोडले. त्यांच्या प्रार्थनेत धुपाची कृती तेवढी वाचली जाते. ज्यांच्या घरी प्रत्यक्ष धूर आहे त्यांचे पूर्वज मंदिर उभे असतानाच निघाले असले पाहिजेत, असे केहीमकरांचे अनुमान.

अनुमान सुबक आहे, पण मला ते पटत नाही. का पटत नाही हे सांगायचे तर मोशेचे धर्मशास्त्र उघडले पाहिजे.

मंदिरातला धूप हा घरगुती प्रकारच नव्हता. धूपवेदी एक हात लांब, एक हात रुंद, दोन हात उंच. बाभळीच्या लाकडाची, सोन्याने मढवलेली. याजकाने सकाळी दिवे नीट करताना आणि संध्याकाळी ते लावताना तिच्यावर धूप जाळायचा. पुढे तालमूदकारांनी त्याची अकरा द्रव्ये सांगितली आणि वर्षाचे 368 माने असे वजनही दिले. रोजचा एक माप आणि प्रायश्चित्ताच्या दिवसासाठी तीन. तोच धूप कुणी स्वतःच्या हौसेने घरी केला, तर त्याला समाजातून तोडावे अशी आज्ञा होती. धूप तयार करणारे अवतिनास नावाचे घराणे होते. धूर काठीसारखा सरळ वर जावा म्हणून घालायची वनस्पती त्यांनी कुणाला कळू दिली नाही. त्या घरची नवरीसुद्धा अत्तर लावीत नसे. लोकांनी उगाच म्हणू नये की, मंदिरातला सुगंध हिच्या अंगाला येतो आहे!

आणि हा सुगंध भयंकरही होता. अहरोनाचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, आज्ञेबाहेरचा अग्नी धूपपात्रात घेऊन गेले आणि जागच्या जागी जळून मेले. कोरहाच्या बंडात अडीचशे माणसे धूपपात्रे घेऊन उभी राहिली, तीही भस्म झाली. दुसऱ्याच दिवशी लोकांत मरी शिरली तेव्हा मात्र म्हातारा अहरोन तसलेच पात्र घेऊन धावला, आणि मेलेले व जिवंत यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. तिथे मरी थांबली; तोवर 14,700 माणसे गेली होती. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला या प्रसंगाचा हेवा वाटावा. पात्र तेच, निखारा तोच. कोणाच्या हातात आणि कशासाठी, एवढाच फरक.

प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक परमपवित्र स्थानात जाई, तेव्हा ओंजळभर धूप निखाऱ्यांवर टाकी. हेतू असा की, धुराने आतले आसन झाकले जावे आणि त्याला मरण येऊ नये. आपण धूप जाळतो तो देवाला प्रसन्न करण्यासाठी. तिथे त्याचे आणखी एक काम होते: माणूस आणि ईश्वर यांच्यामध्ये पडदा धरायचा. म्हणूनच तो याजकाच्या हातून सुटू दिला नाही. उज्जीया राजाने धूप जाळायचा हट्ट धरला, तर त्याच्या कपाळावर कोड उठले अशी कथा आहे.

आता सांगा, कोकणातल्या तेल्याच्या घरी खिरीपुढे जळणारा ऊद हा मंदिरातला धूप कसा म्हणावा? केहीमकर लेवीय ग्रंथातल्या अन्नार्पणाकडे बोट दाखवतात, आणि तिथे ते अधिक बळकट जमिनीवर आहेत. सामान्य माणूस सपीठ, तेल आणि वर ऊद घेऊन येई. मलिद्याची आठवण होतेच. पण तिथेही मूठभर पीठ आणि सगळा ऊद वेदीवर जाळायचा तो याजकानेच. शिवाय नावावर जाऊ नये. हिब्रूतला लेवोना, अरबीतला लुबान आणि आपला लोबान ही एका घराण्यातली नावे खरी; तरी शास्त्रातली राळ अरबस्तान-सोमालीलँडकडच्या झाडाची, आणि आपल्या बाजारात लोबान म्हणून मिळते ती पुष्कळदा सुमात्रेकडची, दुसऱ्याच झाडाची.

सगळ्यात मोठी अडचण शेजाऱ्यांची. बेने इस्रायलांच्या सणांची नावेच पाहा ना! पुरीम हा 'होळीचा सण', मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस 'बिरड्याचा सण', एलूल महिन्याचे उपास म्हणजे 'रमजान'. ज्यांनी शेजाऱ्यांकडून एवढे शब्द घेतले, त्यांनी उदाची चिमूट घेतली नसेल कशावरून? ऊद हिंदूच्या घरी होता, दर्ग्यात होता. मंदिरातून आलेला धूर आणि शेजारून आलेला धूर वासावरून ओळखायचा कसा?

इथे एक गोष्ट केहीमकरांच्या बाजूने सांगितली पाहिजे. शास्त्र एक सांगते आणि गाव दुसरे करते, हे यहुदा देशातही होते. अराद येथे इ. स. पूर्वी आठव्या शतकातले एका किल्ल्यातले लहान देवालय उत्खननात सापडले. तिथल्या दोन दगडी वेद्यांवरच्या काळ्या पुटाचे पृथक्करण 2020 साली प्रसिद्ध झाले. मोठीवर चरबीत मिसळलेला ऊद, आणि धाकटीवर शेणात मिसळलेली चक्क भांग! म्हणजे जेरुसलेमबाहेरही धूर निघत होता, आणि तो शास्त्रातल्या कृतीबरहुकूम नव्हता. यशयासारखे संदेष्टेही बजावतात की, हात रक्ताने माखलेले असतील तर तुमच्या धुपाचा ईश्वराला वीट आहे. तेव्हा कोकणातल्या बाईने याजकाशिवाय ऊद जाळला यात नवल नाही. पण नवल नाही म्हणजे पुरावा आहे, असे होत नाही.

मग या ग्रंथातली उदाची पाने टाकून द्यायची का? मुळीच नाही. केहीमकरांनी धुराकडे पाहिले. धुराच्या पलीकडे पाहायचे राहिले. शेजारच्या घरी धूर टाकांकडे, मूर्तीकडे जातो. शनवार तेल्याच्या घरी समोर खीर, निखारा आणि 'शेमा'चे शब्द. पलीकडे कुणी बसलेले नाही. इ. स. पूर्वी 63 मध्ये रोमन सेनापती पाँपे जेरुसलेमच्या परमपवित्र स्थानात शिरला, तेव्हा त्यालाही आत मूर्ती आढळली नाही. पोथी नाही, याजक नाही, चहूकडे देवळे आणि दर्गे, अशा स्थितीत शतकानुशतके ती जागा या लोकांनी मोकळी ठेवली. ऊद शेजाऱ्याचा असेल. मोकळी जागा त्यांची स्वतःची. साक्ष काढायचीच तर मी तिची काढीन.

केहीमकरांना पुराव्याची एवढी निकड का, हे मात्र समजून घेतले पाहिजे. तुम्ही खरे यहुदी की नाही, हा प्रश्न या समाजाला बाहेरच्यांनी पुन्हा पुन्हा विचारला. इस्रायलला जाऊन राहिलेल्यांच्या विवाहांबाबत तिथल्या धर्मगुरूंनी शंका काढली, आणि 1964 साली तिथल्या संसदेला ते सर्व बाबतींत यहुदी असल्याचे जाहीर करावे लागले. मध्यपूर्वेतल्या यहुद्यांशी त्यांचे रक्ताचे नाते 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अनुवंशशास्त्रीय अभ्यासाने दाखवून दिले. ज्याला आपलेपणाचा दाखला मागितला जातो तो घरातली प्रत्येक वस्तू काढून दाखवतो. त्यात धूपदाणीही आली. केहीमकरांचा दोष दाखवताना मला हे विसरवत नाही.

म्हणून हा ग्रंथ खटल्याची कैफियत म्हणून वाचू नये. खिरीचा सण, घाणा बंद ठेवलेला शनिवार, मलिद्याचे ताट, हे सारे ज्याने आपल्या लहानपणी पाहिले त्याने ते लिहून ठेवले, म्हणून वाचावा. अनुमाने आली की थोडे थांबावे, वर्णने आली की सावकाश वाचावे. पुण्यात रास्ता पेठेत बेने इस्रायलांचे 1921 सालचे प्रार्थनामंदिर आहे. कोकणातून आलेले हे शेजारी आपल्यापासून दूर नाहीत.

असो. तिन्हीसांज झाली. शेगडीत निखारे पडले आहेत आणि उदाची पुडी फळीवर आहे. आज ती उघडताना धूर कुठे जातो तेही मी पाहणार आहे.