लोर्ना यांची कोंकणी

गायिका लोर्ना कोर्देरो यांच्यावर जे लिहिले जाते त्यात गाणे कमी आणि ट्रम्पेटवादक-संगीतकार ख्रिस पेरी यांच्याशी असलेल्या नात्याची हकिकत जास्त असते. या दोघांच्या कहाणीवर बेतलेला 'नाचुया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट २०१५ साली राष्ट्रीय पुरस्काराने गौरवला गेला. आमच्या नागपूरकडे लोर्ना हे नाव पोचले तेही बहुधा त्यामुळेच. चित्रपट देखणा आहे, पण त्यातही प्रेमकथाच गाण्याला पुरून उरते.

मुंबईत चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातील 'व्हेनिस'मध्ये लोर्ना इंग्रजी गाणी गात. जॅझ आणि सोलची ती तालीम होती. मात्र ती गाणी इतरांचीही होती. कोंकणी गाणी त्यांचीच. पेरी यांनी कोंकणीला चा-चा-चासारख्या लॅटिन ठेक्यांवर बसवले आणि लोर्ना यांनी भाषेचा गावरान खरखरीतपणा घासून गुळगुळीत केला नाही. 'बेबडो', 'पिसो' ही नावेच पाहा. आपला बेवडा, आपला पिसा! वऱ्हाडातल्या श्रोत्यालाही भाषांतर लागू नये. घरात उर्दू, लेखणीत मराठी असलेल्या आपल्या वाचकांना हे दोन भाषांतले वावरणे समजावून सांगायला नको.

पेरी यांच्यापासून दुरावल्यावर त्या सुमारे दोन दशके गप्प राहिल्या. या मौनाला विरहाचा साज चढवला जातो. मला त्यात एका कलावंताची वाया गेलेली उमेदीची वर्षे दिसतात. १९९५ साली रॉनी मॉन्सेरात यांच्या प्रयत्नाने त्या पुन्हा गायल्या, आणि गायल्या त्या कोंकणीतच.